काचेसारखी नळी

दाजी, वैशाखातल्या शेवटच्या मंगळवारी दुपारी तापोळ्याहून बामणोलीला येणारी, तुम्ही चालवत असलेली लाँच कोयनेच्या जलाशयात मधल्या पाण्यावर बंद पडली. वळवाचा वारा सुटला होता. लाँच आडवी होऊन बुडीत झाडांच्या खुंटांकडे वाहू लागली. तुम्ही दोर घेऊन पाण्यात उडी टाकलीत आणि तो एका खुंटाला बांधलात. लाँच थांबली. वरची सगळी माणसं वाचली. मग वाऱ्यानं लाँचची मागची बाजू फिरली आणि तुम्ही लाँच आणि खुंट यांच्यामध्ये सापडलात. वारा पडल्यावर तुमचे खलाशी धोंडीबा तात्या यांनी तुम्हाला बाहेर काढलं. तेव्हा तुम्ही गेलेले होतात.

एवढं मीच लिहून दिलं. सांगलीच्या आमच्या दैनिकात ते आतल्या पानावर आलं. कारण म्हणून 'इंजिनातील बिघाड' असे शब्द आहेत. तुमची बायको, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, हिला ते शब्द पुरले नाहीत. दहाव्याचे विधी आटोपून परत येताना तिनं मला बाजूला घेतलं. "वसंता, इंजिन कशानं बंद पडलं ते मला पायजे. नळीनं पडलं का?" एवढंच तिनं विचारलं.

तिच्या कानावर काय गेलं होतं ते मला माहीत होतं. धक्क्यावर लोक दोन प्रकारे बोलत होते. तुमच्या फौजेतल्या हुद्द्यावरून तिथं तुम्हाला सगळे हवालदारच म्हणत. काही म्हणत, हवालदारानं जीव देऊन माणसं राखली. काही म्हणत, शेतातल्या पंपाची नळी लाँचला घालून हवालदारानंच माणसं बुडवायची वेळ आणली होती. दोन्ही बोलणारे एकाच चहाच्या टपरीवर बसत, आणि तुमच्या घरचं माणूस दिसलं की दोन्ही गप्प होत.

त्या नळीची हकिगत तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, ती तुमचीच आहे. पण हे इतरही वाचणार आहेत, म्हणून लिहितो. लाँचच्या टाकीतून इंजिनापर्यंत डिझेल नेणारी जुनी नळी तांब्याची होती. हादऱ्यानं ती चिरत होती. तुम्ही ती कितीदा झाळून घेतलीत. एक चीर बुजली की दुसरीकडे डिझेल पाझरायचं, तळाच्या फळ्यांवर उतरायचं आणि तिथं ठेवलेल्या बाजाराच्या पिशव्यांना लागायचं. पिठाला वास, गुळाला वास. पलीकडच्या काठावरची एक म्हातारी रोज उतरताना तुम्हाला ऐकवायची, "हवालदार, तुमच्या लाँचीतलं पीठ खाऊन आमची नातवंडं डिझेलचा ढेकर देत्यात." तुम्ही तिला म्हणायचात, "मग त्यास्नी पुढच्या येळंला इंजिनाला जुंपतो, म्हातारे." हसायचात, पण ते तुम्हाला लागलेलं असायचं. लाँचमालकाकडे तुम्ही नवी नळी मागितलीत. पावसाळ्यात लाँच काठावर घेऊ तेव्हा बघू, असं त्याचं उत्तर होतं.

फाल्गुनात तुम्ही साताऱ्याला गेलात आणि हार्डवेअरच्या दुकानातून प्लॅस्टिकची नळी आणलीत. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाणी भरून वापरतात ती, काचेसारखी आरपार दिसणारी. एक दिवस लाँच बंद ठेवून जुनं तांबं काढलंत, नवी नळी टाकीपासून इंजिनावरच्या डिझेलपंपापर्यंत नेलीत, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्यात. पिठाला वास लागणं त्या दिवसापासून थांबलं. म्हातारीनं तुमच्यासाठी फणसाचे गरे आणले, असं अक्का सांगते.

ही नळी तुम्हाला कुठून सुचली हे मला ठाऊक आहे, कारण तुम्ही तिच्याच जोरावर आमच्या घरी आलात. फौजेतून सुटल्यावर तुमच्या गावात परत जाण्यासारखं काही नव्हतं. गाव धरणाच्या पाण्याखाली होतं आणि बदली जमीन मिळाली होती जतच्या बाजूला, जिथं पावसाची वाट बघून ज्वारी पेरायची. भावाला ती जमीन देऊन तुम्ही सांगलीजवळ कृष्णाकाठी इंजिनं दुरुस्त करायला बसलात. दुष्काळाची ती वर्षं. नदीकाठच्या मळ्यांत ऑईल इंजिनं दिवसरात्र चालायची. लोखंडाची, तांब्याची नळी काढून प्लॅस्टिकची घालायची हे त्या भागात तुमच्या आधीही कुणी केलं असेल. पण आमच्या पट्ट्यात ते तुम्ही पसरवलंत. बांधावर उभ्या उभ्या माणसाला दिसायचं, डिझेल येतंय का, कचरा आहे का, हवेचा बुडबुडा आहे का. "डॉक्टर नाडी बघतो, आपुन नळी बघायची," असं तुम्ही शेतकऱ्यांना सांगायचात. दसऱ्याला लोक इंजिनाची पूजा करताना नळीलाही कुंकवाचं बोट लावू लागले. आमचे वडील त्यांपैकीच एक. त्यांनी तुम्हाला जावई करून घेतलं ते इंजिन दुरुस्त झाल्यावर, बांधावर, तुमचा घरचा पत्ता विचारून.

आमच्या छापखान्यातलं इंजिनही तुम्हीच चालू केलं होतं. वीज गेली होती, अंक अडकला होता, आणि तुम्ही सहज मला भेटायला आला होतात. हात काळे करून घेतलेत आणि छपाई सुरू झाल्यावर पहिला अंक उचलून वाचायला लागलात. तेव्हापासून आपला वाद सुरू झाला. तुमचं गाव पाण्याखाली गेलं त्या वर्षी पेपरात काय आलं होतं, असं तुम्ही मला विचारलंत. मी तेव्हा नोकरीला नव्हतो. जुने अंक काढून बघितले. जलाशयात पाणी किती साठलं ते आलं होतं. तुम्ही म्हणालात, "पाणी मोजलं. पाण्याखाली काय गेलं ते बघाय कोण आलं न्हाई. पाव्हणं, बघून लिवत जावा." मी म्हणायचो, एका माणसाला सगळीकडे जाता येत नाही. हा वाद आपण प्रत्येक भेटीत पुढं नेला आणि कुठंही पोचवला नाही.

मग तुम्ही लाँचची नोकरी धरलीत. मळ्यातलं बरं चाललेलं काम सोडून डोंगरात कशाला, असं आमच्या घरात सगळ्यांनी विचारलं. नंतर एकदा लाँचवर माझ्याशेजारी उभे राहून पाण्याकडे बोट दाखवत तुम्ही सांगत गेलात, इथं चावडी, इथं आमचं खळं, इथनं खाली ओढा. मला पाण्याशिवाय काही दिसलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की झाडांचे खुंट वर येतात, तेवढे दिसत होते. ज्या खुंटाला तुम्ही दोर बांधलात तो तुमच्याच बांधावरच्या आंब्याचा, असं आता लोक सांगतात. मी धोंडीबा तात्यांना विचारलं. ते म्हणाले, त्या घाईत कोण झाड वळखतंय. म्हणून ते मी खरं धरत नाही.

चैत्रात मी आलो तेव्हा इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडून तुम्ही मला नळी दाखवलीत. फिक्कट पिवळं डिझेल तिच्यातून सरळ जात होतं. तुम्ही तिच्यावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "फिट." लाँच धक्क्याला होती. झाकण उघडं होतं, इंजिन नुकतंच सुरू झालेलं होतं. मी हे त्या वेळी नोंदलं नाही, आज आठवून लिहितो आहे.

त्याच आठवड्यात लाँच पहिल्यांदा मध्येच बंद पडली. ऊन कडक होतं, माणसं भरलेली होती. तुम्ही पेटीवर बसलेल्या लोकांना उठवलंत, झाकण काढलंत, नळी बघितलीत. नळी भरलेली, स्वच्छ. पंपावरची हवा काढलीत, थोडं थांबलात, हँडल मारलंत, इंजिन सुरू झालं. नंतर पुन्हा एकदा असंच झालं, आणि पुन्हा. तुमचं म्हणणं एकच होतं, कुठून तरी हवा शिरते. पट्ट्या आणखी आवळल्यात. बोल्टाखालचे वायसर बदललेत.

बामणोलीच्या तुमच्या खोलीत आपण तिघं जेवायला बसलो होतो तेव्हा अक्कानं विचारलं, "आवं, नळी काचेवाणी हाय म्हणताय. मग हवा दिसली का तुमास्नी?"

तुम्ही भाकरी मोडत होतात. थांबलात. मग म्हणालात, "तू कालवणात मीठ बघ आदी."

"मीठ बघितलंय. हवा दिसली का?"

तुम्ही भाकरीचा तुकडा कालवणात बुडवलात. मालकानं अखेर तांब्याची नवी नळी पाठवली होती, ती दारामागं गुंडाळून टांगलेली होती. मी तिच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तांबं आंधळं असतं, पाव्हणं. आत काय चाललंय ते कळत न्हाई." मला त्यातलं कळत नव्हतं. अक्काला तुमचा चेहरा कळत होता. ते जेवण आपलं तिघांचं शेवटचं.

तुम्ही गेल्यावर लाँच ओढून धक्क्याला आणली. पंचनामा लांबला, तो दहाव्यानंतर झाला. पंचांनी झाकण काढलं. नळी जागेवर होती, गोल, भरलेली, कुठं चीर नाही. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं. पंचांनी तसं लिहून घेतलं. लाँचमालकाला ते सोयीचं होतं, आणि खरं सांगतो, मलाही. वारा आला, इंजिन बंद पडलं, कारण सापडत नाही, माणूस दुसऱ्यांना वाचवताना गेला. असं लिहून थांबता आलं असतं. मी अक्काला जाऊन सांगितलं की नळी चांगली निघाली.

तिनं विचारलं, "झाकण लावून बघितलं का?"

मी नाही म्हणालो.

"शेतात इंजिन उघड्यावर असतंय, वसंता. हितं पेटीत. वर माणसं बसत्यात. ते बघत हुते ते कवा, बंद पडल्यावर. चालू असताना कुणी बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धक्क्यावर गेलो. ती, मी आणि धोंडीबा तात्या. तात्या तुमच्याहून वयानं मोठे, पण लाँचवर तुम्हाला हवालदार म्हणून सलाम ठोकणारे. त्यांना हे नको होतं. "मेलेल्या माणसाची झाडाझडती कशाला, वैनी," असं ते वाटेत म्हणत होते. अक्का पुढं चालत राहिली. लाँच दोन्ही बाजूंनी दोरानं पक्की बांधली. तात्यांनी इंजिन सुरू केलं, भार पडावा म्हणून पाण्यातला पंखा फिरता ठेवला, झाकण लावलं. झाकणावर अक्का बसली, तुमचे उतारू बसतात तशी. तिच्या शेजारी मी. बराच वेळ काही झालं नाही. फळी खालून तापत गेली. वारा नव्हता. तात्या दोरांकडे बघत उभे होते.

मग इंजिनाचा आवाज पडला. इंजिन बंद पडलं नव्हतं, धाप लागल्यासारखं झालं होतं. अक्का उठली, मी उठलो, तात्यांनी झाकण ओढलं.

धूर काढणाऱ्या नळकांड्याजवळून तुमची नळी जाते तिथं ती चपटी झाली होती. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या होत्या. आम्ही तिघांनी ते बघितलं, इंजिन बंद पडलं, आणि नळी आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू फुगून पुन्हा गोल झाली. तिच्यात डिझेल भरलं. चीर नाही, बुडबुडा नाही. तुम्ही दर वेळी बघितलंत ती हीच, गोल झाल्यानंतरची.

तात्या खाली बसले. सावकाश म्हणाले, "शेतात टाकी वर असती. डिझेल आपसूक उतरतंय, नळीला कायबी वढ न्हाई. हितं टाकी तळाला. पंप डिझेल वर वढतोय. गरम झाली, मऊ पडली, वढीनं आत बसली." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली आणि तोंड पुसलं.

आमच्या छापखान्यातल्या इंजिनाला तुम्ही घातलेली नळी अजून आहे. तिथं टाकी वर आहे. ती कधीही चपटी झालेली नाही. मळ्यांमधल्या इंजिनांचंही तेच. तुमचं म्हणणं तिथं खरं होतं, दाजी. कृष्णाकाठच्या सगळ्या बांधांवर ते खरं होतं. म्हणूनच तुम्ही ते इथं घेऊन आलात आणि म्हणूनच तुम्हाला त्यात दोष दिसेना.

मी अक्काला म्हणालो, आपण तिघांनीच बघितलंय. तात्यांनीही मान हलवली. "तांब्याची घालून टाकतो मी. कुणाला कळायचं कारण न्हाई." लोकांच्या तोंडात आता तुम्ही माणसं वाचवणारे होतात, टपरीवरची दुसरी बाजू पंचनाम्यानंतर गप्प झाली होती. अक्काला ते हवं असेल असं मला वाटलं. तिनं विचारलेलं तिला कळलं होतं, आणि ते आमच्यापाशी राहणार होतं.

अक्का झाकणाच्या कडेला बसून नळीकडे बघत होती. मग तिनं तात्यांना विचारलं, "आनी कुणाकुणाला घालून दिल्या ह्यांनी?"

तात्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की वरच्या अंगाला चालणाऱ्या दुसऱ्या लाँचला तुम्ही स्वतः घालून दिली आहे. त्याशिवाय जलाशयावर इंजिनाच्या आणखी होड्या आहेत. कुणी तुमचं बघून घातली असेल, कुणी नसेल. त्यांना नक्की माहीत नव्हतं. तुम्ही मोकळ्या हातानं सांगत गेला होतात, कुणालाही, कसलीही लपवाछपवी न करता.

तात्यांनी त्याच संध्याकाळी दुसऱ्या लाँचच्या चालकाला गाठलं. त्यानं ऐकून घेतलं नाही. हवालदारानं घातलेली नळी हाय, पंचांनी चांगली म्हणून लिवलीया, आता माणूस गेल्यावर तुमी त्याला नावं ठेवताय व्हय, असं त्यानं तात्यांना सुनावलं आणि दुसऱ्या सकाळी माणसं भरून लाँच काढली.

तात्यांनी हे येऊन सांगितलं तेव्हा अक्का तुमचे फौजेतले कपडे घडी करत होती. तिनं हातातली घडी पुरी केली.

"वसंता, पेपरात लिही."

मी म्हणालो, लिहितो. प्लॅस्टिकची नळी लाँचला घालू नये, टाकी खाली असेल तर धोका आहे, असं लिहितो. कुणाचं नाव घेण्याची गरज नाही.

"नाव लिही."

"अक्का, लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्यात. नाव न्हाई लिवलं तर कोण ऐकणार? त्यांचं ऐकून घातलीया, त्यांचंच नाव बघून काढतील." थोड्या वेळानं ती म्हणाली, "ते असते तर त्यांनी सोता जाऊन काढल्या असत्या. लाज वाटली असती त्यास्नी. पर काढल्या असत्या."

हे वाक्य मी तपासू शकत नाही. तुम्हीच सांगू शकला असता. तरी ते लिहून ठेवतो, कारण ते तुमच्या बायकोनं सांगितलं आहे आणि ती तुमच्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त बघून बोलते.

मी तुम्हाला दोन गोष्टी सांगणार होतो आणि राहून गेल्या. एक, छापखान्यात तुम्ही आलात त्या दिवशी अंक निघाला नसता तर माझी नोकरी राहिली नसती. संपादकांनी मला दुपारीच तसं सांगितलं होतं. हे मी तुम्हाला कळू दिलं नाही, उगीच मोठेपणा होईल म्हणून. दुसरी, तुमच्या गावाबद्दल मी लिहायला घेतलं होतं. चावडी, खळं, ओढा, तुम्ही बोट दाखवलंत त्या क्रमानं. पुढच्या वेळी तुमच्याकडून नावं विचारून घेणार होतो. आता ती नावं माझ्याकडे नाहीत आणि तो मजकूर अर्धा आहे. त्याऐवजी हा लिहितो आहे. ह्याच्यातलं सगळं बघितलेलं आहे, जे बघितलेलं नाही ते तसं सांगितलं आहे.

तुमचं नाव तिच्या सांगण्यावरून देतो. आनंदा, फौजेतले हवालदार, बामणोलीच्या लाँचचे चालक. लाँचला प्लॅस्टिकची नळी त्यांनी घातली. चालत्या इंजिनाच्या उष्णतेनं ती मऊ पडून आत बसत होती. त्या मंगळवारी इंजिन बंद पडलं ते यामुळंच, असं आम्हा तिघांचं मत आहे. लाँचवरची सगळी माणसं वाचली ती त्यांनी बांधलेल्या दोरामुळं, हे लाँचवरच्या माणसांनी सांगितलं आहे. ज्यांच्या होडीची टाकी इंजिनाच्या खाली आहे त्यांनी ही नळी काढावी.

तुमच्या लाँचला तात्यांनी तांब्याची नळी घातली आहे. तुम्ही दारामागं टांगली होती तीच.

काल दुपारी दुसरी लाँच माणसं घेऊन काठाला लागली तेव्हा अक्का आणि तात्या तिथं उभे होते. चालकानं अक्काला बघितलं. तिनं त्याला इंजिन चालू ठेवून झाकण काढायला सांगितलं. पेटीवर बसलेली माणसं उठली. त्यानं झाकण काढलं. इंजिन चालू होतं. नळी नळकांड्याजवळ चपटी झालेली होती.